रेड्याचं कपाळ

लहानू गजभियेचं नाव ज्याने कुणी ठेवलं, त्याने बाळाकडे नीट पाहिलेलं नसावं. पुढे हा लहानू सहा फूट एक इंच झाला. पंजे सुपाएवढे, मिशा कुंच्याएवढ्या, आणि आवाज असा, की लकडगंजात तो शिंकला तर शेजारच्या डेपोतला मुनीम आपली टोपी सावरायचा. या माणसाला आयुष्यात दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत. एक म्हणजे हळू बोलणं, आणि दुसरी म्हणजे कुणी सांगितलं म्हणून हात जोडणं. पहिलीचा त्रास गल्लीला व्हायचा, दुसरीचा त्याला स्वतःला. गल्ली कुरकुरायची. लहानूने कधी कुरकुर केली नाही.

वसंतराव मोहरील यांच्या लाकडाच्या डेपोत तो १९६८ पासून मेकॅनिक होता. त्याआधी बारा वर्षं एका सूतगिरणीत फिटर होता. तिथे एकदा साहेबाने त्याला "चूप बैठो" म्हटलं आणि लहानू खरोखरच बसला, पण साहेबाच्या खुर्चीवर. त्यानंतर गिरणीला त्याची आणि त्याला गिरणीची गरज उरली नाही.

डेपोत विजेवर चालणारी आरा मशीन होती, पण लहानूचा जीव एका वेगळ्याच जनावरावर जडला होता. १९६८ साली वसंतरावांनी कामठीच्या एका लिलावातून एक इंजन-आरा आणला होता. पेट्रोलवर चालणारा, दातेरी साखळी गरगर फिरवत ओंडका कापणारा, एका माणसाने दोन्ही हातांनी उचलून धरायचा. तेव्हा लकडगंजात असा आरा दुसरा नव्हता, आणि हाही कुणाच्या तरी हाताखाली पंधरा-वीस वर्षं राबून आलेला होता. कंपनीच्या नावाची पाटी झिजून सपाट झाली होती. सुरू करायला ओढायची मूळ दोरी कधीच तुटली होती, तिच्या जागी वसंतरावांच्या घरची धुणं वाळत घालायची दोरी लागली होती. वजन सोळा किलो. सुरू झाला की असा हंबरायचा, की पहिल्याच दिवशी समोरच्या चहावाल्याच्या हातून किटली सुटली. मजुरांनी त्याचं नाव ठेवलं रेडा. वसंतरावांना हे नाव आवडलं नाही, कारण रेड्यावर बसून कोण येतो हे त्यांना माहीत होतं. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

या रेड्याची नाडी लहानूच्या हातात होती. रेडा बंद पडला की लहानू आधी त्याला दोन शिव्या हासडायचा, मग ठिणगी पाडणारा प्लग काढून नाकाशी धरायचा. प्लग काळा आणि ओला असला की म्हणायचा, "अधाशी झाला बेटा, जास्त पिऊन राहिला." पांढरा कोरडा असला की, "उपाशी हाय." आणि भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा असला, की पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा तो प्लग सगळ्या डेपोला फिरवून दाखवायचा. मग प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दुसऱ्या कुणाला दोरी ओढायला लावायचा. अंगठा उडाला, तर इंजनात दम आहे. नुसतं फुरफुरलं, तर रिंगा झिजल्या. ठिणगीच्या पॉइंटांमधलं अंतर मोजायला बाजारात मापाच्या पत्त्या मिळतात, पण लहानू पोस्टकार्ड वापरायचा. "सरकारनं इमानदारीनं एकसारखी ठेवली अशी एकच गोष्ट हाय," तो म्हणायचा, "पोस्टकार्डाची जाडी."

मुकादम रामाजीच्या डोळ्यांत हे सगळं खुपायचं. रामाजी डेपोतला सगळ्यांत जुना माणूस, दोघांनी मिळून हाताने आरा ओढायच्या जमान्यातला. त्याच्या मते लाकूड कापण्याचं अर्धं काम भुजांचं आणि अर्धं श्रद्धेचं. इंजनाने भुजांचं खातं काढून घेतलं, तेव्हा निदान श्रद्धेचं खातं तरी आपल्याकडे राहावं, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती.

दर दसऱ्याला डेपोत हत्यारांची पूजा व्हायची, आणि दर दसऱ्याला लहानू डेपोत नसायचा. छप्पन साली याच दिवशी दीक्षाभूमीच्या मैदानावर लाखो लोकांत उभं राहून त्याने बुद्धाचा धम्म घेतला होता. देवदेवतांची पूजा करणार नाही, अशी प्रतिज्ञा त्या आवाजात केली होती, म्हणजे ती आसपासच्या दोनशे जणांनी तरी नक्की ऐकली असणार. तेव्हापासून दसऱ्याला तो पांढरा सदरा घालून, बायकोला घेऊन दीक्षाभूमीवर जायचा आणि दुसऱ्या दिवशी पाना हातात घ्यायचा. पूजा करणारे पूजा करत, न करणारा जात असे. पाच वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

१९७३ साली अडलं.

त्या वर्षी कोराडीच्या वीज केंद्राच्या बांधकामाला लागणाऱ्या जाड लाकडाचं काम डेपोला मिळालं होतं. एवढं मोठं काम घरात आलेलं पाहून वसंतरावांच्या आईने, यमुताईंनी, ठरवलं की यंदा रेड्याला नुसतं फूल वाहून भागायचं नाही. टिळा लागला पाहिजे. टिळा लावायचा तर कपाळावर. आता रेड्याचं कपाळ कुठलं?

यावर डेपोत अर्धा तास खल झाला. हे सगळं लहानूला नंतर चंद्रभानने, म्हणजे रेडा चालवणाऱ्या गड्याने, हावभावांसकट करून दाखवलं. रामाजीचं म्हणणं, दोरी ओढतात ते तोंड. चंद्रभानचं म्हणणं, ती तर शेपटी. वसंतराव म्हणाले, दोन्ही बाजूंचा नीट विचार झाला पाहिजे. वसंतरावांचे पूर्वज भोसल्यांच्या दरबारात पत्रं लिहीत. तीन मसुदे झाल्याशिवाय खलिता बाहेर काढायचा नाही, ही सवय सात पिढ्यांनी त्यांच्यापर्यंत सुखरूप पोचवली होती. शेवटी यमुताईंनीच बोट ठेवलं. पेट्रोलच्या टाकीचं पितळी झाकण जरा पुढे आलेलं होतं, गोल, चकचकीत, आणि मधोमध किंचित उंच.

"हे कपाळ," यमुताई म्हणाल्या, आणि तेलात कालवलेल्या शेंदराचा चांगला जाड टिळा त्यांनी झाकणावर लावला. बोटाला उरलेला शेंदूरही तिथेच पुसला. वाया कशाला घालवायचा?

दसऱ्यानंतरच्या सोमवारी चंद्रभानने रेडा सुरू केला. सहा-सात मिनिटं रेडा मजेत हंबरला आणि अर्ध्या ओंडक्यात, घास अडकावा तसा, दोनदा उचकी देऊन गप्प झाला. दोरी ओढून ओढून चंद्रभानचा खांदा निखळायची वेळ आली.

लहानूने प्लग काढला आणि त्याच्याकडे नीट पाहायच्या आधीच निकाल देऊन टाकला. "कॉइल. गरम झाली की ठिणगी मरते, थंडी झाली की जित्ती होते."

आता असं होत नाही असं नाही. जुन्या इंजनांना हा रोग नेहमीच होतो. फक्त या इंजनाला तो झाला नव्हता. लहानूने अख्खा दिवस घालवला. एका मोडीतल्या स्कूटरची कॉइल आणली, पट्टी कापून, कानस मारून ती बसवली आणि मंगळवारी सकाळी सगळ्या डेपोला गोळा करून म्हणाला, "आता पाहा." सगळ्यांनी पाहिलं. सातव्या मिनिटाला रेडा बंद.

तेव्हा रामाजी पुढे झाला. त्याच्या हातात लिंबू होतं. त्याने सगळ्यांना मागे सारलं, टाकीचं झाकण फिरवून काढलं, आत डोकावला, "पेट्रोल तं हाय," म्हणाला, झाकण लावलं, लिंबू रेड्यावरून सात वेळा उतरवलं आणि हाक दिली, "वढ गा, चंद्रभान!"

एका ओढीत रेडा सुरू झाला.

त्या दिवशी रेडा अकरा वेळा बंद पडला, आणि अकराही वेळा रामाजीने डोकावून, लिंबू उतरवून तो सुरू केला. संध्याकाळपर्यंत रामाजीच्या चालण्यात फरक पडला. तो जरा सावकाश, दोन्ही हात मागे बांधून चालू लागला.

"यंत्राले राग आला, मालक," त्याने वसंतरावांना समजावून सांगितलं. "ज्याच्या हातचं खाते, तोच माणूस पूजेले नाही. पोरीच्या लग्नात बापच नाही आला, तं पोरगी रुसन का नाही?"

"रामाजी, ते पोरगी नोहोय गा, इंजन होय!" लहानू पलीकडच्या ओंडक्यामागून गरजला. "इंजनाले तीन गोष्टी लागते. पेट्रोल, हवा अन् ठिणगी. रुसवा कोन्या टाकीत भरते ते दाखव मले, ते बी साफ करून देतो!"

"कॉइलबी तूच दाखवली होती का नाही?" रामाजी म्हणाला.

मजूर हसले.

बुधवारी चंद्रभानने रेड्याला हात लावायला नकार दिला. त्याचंही बरोबर होतं. सोळा किलोचं दातेरी धूड ओंडक्यात रुतलेलं असताना मधेच मरतं, मधेच जिवंत होतं. "आज बंद पडून राहिला, उद्या उलटून माह्या मांडीवर येईन," तो म्हणाला. "लहानूभाऊ, मले तुमच्याशी भांडन नाही. पन याची समजूत काढा कोनीतरी."

वसंतरावांनी लहानूला ओट्यावर बोलावलं. आधी त्यांनी पावसाचा विषय काढला, तो पुसून कोराडीचा काढला, आणि तिसऱ्या मसुद्यात मुद्द्यावर आले. "शनिवारी ट्रक येणार आहेत लहानू. माल तयार नाही झाला, तर हे काम आपल्या हातून जाईल. गडी घाबरून राहिले. तू शुक्रवारी सकाळी सगळ्यांसमोर रेड्यापुढे एक नारळ फोड, हात जोड. दोन मिनिटांचं काम आहे. तुझ्या मनात काय आहे ते कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिलो ना जी," लहानू म्हणाला.

"मग मला दुसरा मेकॅनिक पाहावा लागेल," वसंतराव म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी मसुदा न करता म्हटल्यामुळे दोघेही चपापले.

घरी ही बातमी लहानूच्या आधी पोचली होती. प्रयागबाई चुलीपुढे बसली होती आणि भाकरी अशी थापत होती, की परातीवर तिचा राग आहे असं वाटावं. प्रयागबाई म्हणजे जेमतेम पाच फूट. पण तिच्यासमोर लहानूची उंची आपोआप कमी व्हायची.

"नारळ फोडला तं येताना त्याचंच खोबरं खाऊन या," ती म्हणाली. "माह्या हातची भाकर भेटनार नाही."

"काहून वं चिडून राहिली? मी कुठी फोडून राहिलो?"

"फोडनार नाही, हे मले माहीत हाय. म्हनून तं भाकर करून राहिली." तिने भाकरी तव्यावर टाकली. "पन कॉइल कॉइल करून चुकले तुमी, हे कबूल करा आधी. प्लग नाकाशी धरला होता का त्या दिवशी?"

लहानू मिशीतला भुसा झटकू लागला.

"नाही ना धरला? घाई होती, लोकाईले दाखवाची. रामाजी लिंबू दाखवते, तुमी कॉइल दाखवता. दोघंबी सारखेच."

हा मार लहानूच्या वर्मी बसला. जेवताना तो एकही शब्द बोलला नाही. शेजारचे दोनदा येऊन पाहून गेले, की घरात कुणी आजारी तर नाही.

गुरुवारी त्याने रेड्याला हातच लावला नाही. चंद्रभान हटून बसला होता, म्हणून त्याच्या जागी रामाजीने दुसऱ्या एका गड्याला रेड्यावर लावलं होतं आणि प्रत्येक उचकीला लिंबू घेऊन तो स्वतः हजर होत होता. लहानू दहा पावलांवर एका ओंडक्यावर डोळे मिटून बसला. रामाजीला वाटलं, शरण आला. लहानू ऐकत होता. रेडा मरताना आवाज कसा बदलतो? ठिणगी तुटली तर इंजन खाडकन मरतं, दिवा विझावा तसं. हा खाडकन मरत नव्हता. आवाज आधी चढत होता, पातळ होत होता, मग उचकी, मग दुसरी उचकी. हा उपाशी माणसाचा आवाज होता. पण टाकी तर भरलेली! रामाजी दर वेळी डोकावून पाहतो आणि म्हणतो, "पेट्रोल तं हाय."

चौथ्या वेळेला रेडा मेला, तसा लहानू उठला आणि कुणी काही म्हणायच्या आत प्लग काढून नाकाशी धरला. पांढरा. कोरडा ठणठणीत. प्लग त्याने इंजनाला टेकवून दोरी ओढायला लावली, तर ठिणगी निळी, कडकडीत. म्हणजे घरात धान्य आहे, चूल पेटलेली आहे, आणि माणूस भुकेने मरतोय.

"झालं का?" रामाजीने लिंबू सावरलं, झाकण फिरवलं.

फुस्स.

एवढासा आवाज. सोड्याची बाटली दुरून कुणी उघडावी तसा. मंगळवारपासून तो प्रत्येक वेळी झाला होता, पण त्या वेळी सगळ्यांचे डोळे लिंबावर असायचे. लहानूने मान वळवून त्या झाकणाकडे पाहिलं. शेंदराचा टिळा आता वाळून, धूळ बसून, खपलीसारखा टणक झाला होता. लहानू एकदम एवढ्या जोरात हसला, की रामाजीच्या हातून लिंबू पडलं.

शुक्रवारी सकाळी डेपो भरला होता. नारळाची बातमी फिरल्यामुळे शेजारच्या डेपोतला मुनीम आला होता, चहावाला किटलीसकट आला होता. वसंतराव ओट्यावर नारळ घेऊन उभे होते, नारळ कोणत्या हातात धरावा हे ठरत नसल्यासारखे.

"नारळ मंग पाहू," लहानू म्हणाला. "आधी रेडा चालवा, बंद पडू द्या." रेडा चालला आणि सातव्या मिनिटाला बंद पडला. "आता रामाजी, तुह्यं लिंबू उतरव. पन झाकनाले हात लावाचा नाही. झाकन उघडून काय पाहते? पेट्रोल हाय, सारेच जानतेत."

रामाजीने सात वेळा लिंबू उतरवलं. गड्याने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. पुन्हा सात वेळा. मग रामाजी म्हणाला, लिंबू शिळं आहे. दुसरं आणलं. मग म्हणाला, उलट्या बाजूने उतरवायला हवं. तसंही झालं. तिसरं लिंबू आलं. गड्याने पंचवीस वेळा दोरी ओढली आणि घामाघूम होऊन खालीच बसला.

"आता लिंबू खिशात ठेव," लहानू म्हणाला, आणि त्याने झाकण अर्धं फिरवलं. फुस्स. सगळ्यांनी ऐकलं, कारण या वेळी पाहायला दुसरं काही नव्हतं. त्याने झाकण परत लावलं आणि दोरीला एक हिसडा दिला. रेडा हंबरला.

"लिंबाचा असर उलीसा उशिरा आला," रामाजी म्हणाला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, पण तो म्हणाला हे नोंदवायला हवं. असा माणूस सहजासहजी मिळत नाही.

लहानूने रेडा बंद केला, झाकण काढून हातात घेतलं आणि तो सरळ डेपोमागच्या वसंतरावांच्या घराकडे निघाला. वसंतराव नारळासकट मागे धावले. "लहानू, आईला काही सांगू नको हं," ते कुजबुजले. "तिचं मन दुखेल. मी समजलो ना? झालं तर मग."

यमुताई स्वयंपाकघरात होत्या. लहानू दारात उभा राहिला आणि म्हणाला, "यमुताई, स्टोव्हची पिन पाहिजे होती जी."

"पिन? कशाला रे?"

वसंतरावांनी मागून खोकायला सुरुवात केली.

"याच्यात भोक हाय," लहानूने झाकण पुढे धरलं. "सुईच्या टोकाएवढं. पेट्रोल खाली इंजनात जाते, तशी याच्यातून हवा टाकीत येते. तुमी तेलाच्या डब्याले दोन भोकं पाडता का नाही? एकच पाडलं तं तेल गपगप अडकते. हे या डब्याचं दुसरं भोक होय. ते तुमच्या शेंदरानं बुजलं."

वसंतरावांचा खोकला थांबला. यमुताईंनी झाकण हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला.

"म्हणजे हे कपाळ नाही?"

"नाही जी. हे नाक होय."

यमुताईंनी झाकण उलटसुलट करून पाहिलं. "आणि मी नाकात शेंदूर कोंबला," त्या शेवटी म्हणाल्या. "चार दिवस ते बिचारं गुदमरून राहिलं, आणि तुम्ही सगळे पुरुष लिंबू फिरवत बसलात?" हे त्यांनी वसंतरावांकडे पाहून म्हटलं. वसंतरावांनी नारळ पाठीमागे नेला. मग यमुताईंनी फडताळातून पिन काढून लहानूच्या हातावर ठेवली. "परत आण. माझ्याकडे एकच आहे. आणि पुढच्या दसऱ्याला टिळा कुठे लावायचा, ते तूच दाखव."

"पुढच्या दसऱ्याले मी दीक्षाभूमीवर राहीन जी."

"मग आदल्या दिवशी दाखव."

"आदल्या दिवशी खडूनं फुली मारून ठेवीन, की इथी लावू नका," लहानू म्हणाला. "बाकी अंग तुमचं. पन टिळा मी लावनार नाही."

"तुला कोण सांगतंय लावायला?" यमुताई म्हणाल्या. "तू लावशील तर तोही भलत्याच ठिकाणी लावशील."

पिनीने भोक मोकळं झालं. फुंकर मारली तर पलीकडून हवा आली. लहानूने झाकण बसवलं आणि म्हणाला, "चंद्रभान, घे."

चंद्रभान रामाजीकडे पाहू लागला. रामाजी हात बांधून उभा होता. "भोक मोकळं झालं, मान्य," तो म्हणाला. "पन राग? राग गेला का? नारळ फुटल्याबिगर माह्या एकाबी गड्यानं हात लावाचा नाही. एक नारळ फोडला तं तुह्या बापाचं काय जाते?"

वसंतराव पुढे आले. "लहानू, तुझं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. आता खरं निघालंच आहे, तर एक नारळ..."

"मालक," लहानू म्हणाला, आणि आवाज नेहमीचाच होता, फक्त त्यात हसू नव्हतं. "ट्रक तुमचे, ओंडके तुमचे, नोकरीबी तुमची. कामावरून काढाची चिठ्ठी द्याची तं आत्ताच द्या. मी चुकलो होतो तवा चुकलो, कॉइल सांगतली. पुऱ्या डेपोसमोर सांगतो, मी चुकलो. त्याची माफी मांगतो. पन जे मी केलं नाही, त्याची माफी या लोखंडाले मांगनार नाही. आज नाही, अन् हे लोखंड गंजून माती होईन तवाबी नाही."

आणि चिठ्ठीची वाट न पाहता त्याने रेडा स्वतःच उचलला. मेकॅनिकने आरा चालवायचा नसतो, ते गड्याचं काम. लहानूने पाय फाकवले, दोरी ओढली आणि सगळ्यांत जाड सागाच्या ओंडक्यावर साखळी टेकवली.

भुसा उडू लागला. पाचवं मिनिट झालं. सहावं झालं. मुनीमाने घड्याळ काढलं. सातव्या मिनिटाला चहावाल्याने किटली खाली ठेवली. खबरदारी म्हणून. आठवं झालं. ओंडका दुभंगला, दोन्ही तुकडे धाडकन खाली आले. लहानू दुसऱ्याकडे वळला. वसंतराव हात हलवून सांगू लागले, बस, पटलं, नारळ राहू दे, काम चालू दे! त्यांनी नारळ ओट्यावर ठेवूनही दाखवला. लहानूला ऐकू येत नव्हतं, किंवा ऐकायचं नव्हतं. दुसरा ओंडका झाला. तिसरा झाला. त्याच्या मिशा भुशाने पांढऱ्या झाल्या. चंद्रभान आधी चार पावलांवर होता, मग दोनवर आला, मग तुकडे बाजूला सारू लागला. मग आणखी एक गडी आला.

अर्ध्या तासाने रेड्याने उचकी दिली आणि तो थांबला.

"पाहा!" रामाजी ओरडला. "पाहा, म्हटलं नव्हतं?"

लहानूने झाकण काढलं. फुस्स नाही, काही नाही. त्याने रेडा उचलून उलटा धरला. टाकीतून एक थेंबही पडला नाही.

"अर्धा घंटा राबला बिचारा. त्याले भूक लागली," लहानू म्हणाला. "रामाजी, पेट्रोल आन. तेल मिसळलेला डबा आनजो, नुसता नाही."

रामाजीने आजूबाजूला पाहिलं. चंद्रभान तुकडे उचलत होता. गडी तुकडे उचलत होते. वसंतराव कोराडीच्या मापाची फळी शोधत होते. मोकळा माणूस एकटा रामाजीच होता. तो गेला आणि डबा घेऊन आला.

रामाजीची एक रीत होती. पाच वर्षांत लहानूला द्यायची कुठलीही वस्तू, पाना असो, चहाचा कप असो, तो हातभर अंतरावर जमिनीवर ठेवायचा आणि मागे सरायचा. लहानू उचलून घ्यायचा. याबद्दल डेपोत कधी कुणी बोललं नव्हतं, आणि डेपोतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. आत्ताही त्याने डबा भुशात ठेवला आणि तो मागे सरला.

लहानू वाकला नाही. रेडा मांडीवर घेऊन तो तिसऱ्या ओंडक्याच्या तुकड्यावर बसून राहिला.

"हातात दे," तो म्हणाला.

चंद्रभानने हातातला तुकडा तसाच धरून ठेवला. मुनीम घड्याळात पाहू लागला, पण आता मिनिटं कशाची मोजायची हे त्याला कळत नव्हतं. वसंतराव ओट्यावरून काही म्हणणार होते. मसुदा जमला नसावा.

"वजन हाय का डब्याले?" लहानू म्हणाला. "का मी येऊ तुले हात लावाले?"

रामाजीने डब्याकडे पाहिलं. मग ओंडक्यांच्या ढिगाकडे पाहिलं. अजून बावीस ओंडके बाकी होते आणि ट्रक उद्या सकाळी येणार होते. तो वाकला, डबा उचलला आणि लांब हात करून पुढे धरला. डब्याची कडी लहान आणि लहानूचा पंजा सुपाएवढा, त्यामुळे ती घेताना रामाजीची बोटं त्या पंजात पूर्ण बुडाली. लहानूने लगेच सोडली नाहीत. मग सोडली, टाकी भरली, झाकण घट्ट बसवलं.

रामाजी काहीतरी बोलू लागला होता. लहानूने दोरी ओढली. रेडा असा हंबरला, की रामाजी काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही, आणि लहानूने चौथा ओंडका घेतला.